पॅरिसचा रॅम्प आणि नौपाड्यातला शिंपी

माझी भाची गेल्या वर्षी खारघरला शिकायला आली आणि पहिल्याच रविवारी ठाण्याला आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिने विचारलं, "मावशी, तू ते रात्री जागून फॅशन शो बघतेस, त्याचा उपयोग काय होतो गं?" प्रश्न रास्त होता. रॅम्पवर चालणारी मुलगी खांद्यावर पक्ष्याचं घरटं घेऊन येते आणि मी सकाळी आठ-सतराची ऐरोली गाडी पकडते. या दोघींचा संबंध काय? तिला त्या दुपारी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी फॅशनमधली पदवीधर नाही. ऑफिसात नोकरी करते, कपडे शिवून घेते आणि बारा वर्षांपासून एका वहीत शोंच्या नोंदी ठेवते. ज्यांना हा नाद नव्याने लागलाय, त्यांच्यासाठी हा लेख.

पायरी पहिली: दोन कॅलेंडरं भिंतीवर शेजारी-शेजारी लावा

तिकडचं कॅलेंडर आधी. बायकांच्या कपड्यांचे मोठे शो वर्षातून दोनदा होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. क्रम ठरलेला असतो: न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस. पुरुषांचे शो जानेवारी आणि जूनमध्ये. आधी फ्लॉरेन्सला पिती उओमो नावाचा पुरुषी कपड्यांचा व्यापारमेळा, मग मिलान आणि पॅरिस. याखेरीज जानेवारी आणि जुलैत पॅरिसमध्ये कुत्यूर आठवडा असतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेल्या, अतिमहाग कपड्यांचा. नवख्याने कुत्यूरपासून सुरुवात करू नये, डोळे दिपतात आणि हाती काही लागत नाही. अपवाद करायचाच असेल तर राहुल मिश्रांचं काम बघा. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या कुत्यूर आठवड्यात दाखवणारे ते पहिले भारतीय डिझायनर. भरतकाम किती बारीक असू शकतं हे कळण्यासाठी तेवढं पुरे.

म्हणजे रॅम्पवर दिसतं ते साधारण सहा महिन्यांनी दुकानात येतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर निम्मा गोंधळ मिटतो.

आता आपलं कॅलेंडर. ठाण्यात नि नवी मुंबईत हिवाळा असा नाहीच. डिसेंबरच्या शेवटापासून जेमतेम तीन आठवडे येऊरच्या बाजूने गार वारा येतो, तेवढ्यात सगळे स्वेटर घालून फोटो काढून घेतात. आपले खरे हंगाम वेगळे: मार्च ते जून घामाचा, जून ते सप्टेंबर पावसाचा, गणपतीपासून दिवाळीपर्यंत सणांचा आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईचा.

ही दोन कॅलेंडरं जुळवायला मला चार वर्षं लागली. सुरुवातीला मी हिवाळ्याचे शो सोडूनच द्यायचे. ओव्हरकोट, लोकर, गुडघ्यापर्यंतचे बूट, आपल्याला काय करायचंय? ही चूक होती. मार्चमध्ये पॅरिसला दिसलेले हिवाळी कपडे तिकडे दुकानात येतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि तेव्हा आपल्याकडे दिवाळी असते. गडद रंग, मखमल, किनखाप, भरजरी काम, लांब बाह्या, हे सगळं हिवाळी शोमध्ये असतं आणि आपण ते लग्नात घालतो. थंडी वगळा, बाकी सगळं उपयोगी आहे. म्हणून माझा साधा हिशोब: हिवाळी शो बघायचे ते सणासुदीसाठी आणि लग्नांसाठी, उन्हाळी शो बघायचे ते रोजच्या घालण्यासाठी. ऑफिसातलं एसी हाच काय तो आपला हिवाळा, त्याच्यासाठी एखादं जाकीट पुरतं.

पावसाचा हंगाम मात्र कुणीच दाखवत नाही. चार महिने आपण एकटे.

पायरी दुसरी: शो बघायचा कसा

बहुतेक मोठी फॅशन घराणी आपला शो यूट्यूबवर थेट दाखवतात, फुकट. वेळेचं गणित तेवढं सांभाळा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि मार्चच्या सुरुवातीला साडेचार तास. तिथला रात्री आठचा शो आपल्याकडे ऑक्टोबरात साडेअकराला दिसतो, मार्चमध्ये साडेबाराला. शिवाय ठरलेल्या वेळेला शो सुरू होणं म्हणजे आपल्या लग्नात मुहूर्तावर जेवण सुरू होण्यासारखं. अर्धा तास धरून चाला. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे शो आपल्या पहाटे येतात, त्यांच्यासाठी झोपमोड करू नका. दुसऱ्या दिवशी सगळं मिळतं.

शो अवघा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. चाळीस-पन्नास पोशाख भराभर निघून जातात. पहिल्यांदा बघताना काहीच लिहू नका, नुसतं बघा. दुसऱ्यांदा फोटो बघा, क्रमाने, एकेक. पहिला पोशाख विशेष निरखा. डिझायनरला या हंगामात काय म्हणायचंय ते बहुधा तिथेच कळतं. शेवटचा पोशाख टाळ्यांसाठी असतो. भारतीय शोमध्ये तर शेवटी एखादी नटी येते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त तीच असते.

तिसऱ्यांदा वही घ्या. माझ्या वहीत सात रकाने आहेत: खांदा, कंबर, घेर, लांबी, कापड, रंग, पायात काय. बास. गाण्याची, दिव्यांची, पाहुण्यांची नोंद नाही. प्रत्येक पोशाखाला एक ओळ. कंटाळवाणं वाटेल, पण तिसाव्या ओळीला तुम्हाला आपोआप दिसायला लागतं की कंबर सगळीकडे दोन बोटं खाली आली आहे किंवा बाह्या मनगटाच्या खाली लोंबताहेत. हेच शोधायचं असतं. कपडा बघायचा नाही, त्याची मापं बघायची.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जुनं आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी फ्रेंच डिझायनर ख्रिस्तियन दिऑरने पॅरिसमध्ये आपल्या कपड्यांचा पहिला संग्रह दाखवला. युद्धाच्या काळात कापड रेशनवर होतं, त्यामुळे बायकांचे झगे आखूड आणि अरुंद, खांदे मात्र सैनिकी, चौकोनी. दिऑरने खांदे उतरते केले, कंबर आवळली आणि झग्याला मीटरच्या मीटर घेर दिला. अमेरिकी संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला न्यू लुक म्हटलं आणि ते नाव चिकटलं. काही लोक खूश झाले, काही कापडाच्या उधळपट्टीवर चिडले. माझ्या वहीत त्या शोची नोंद सहा शब्दांत बसली असती: खांदा उतरता, कंबर आत, घेर फार. पुढची दहा वर्षं त्या सहा शब्दांवर चालली.

रंगाचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये व्हॅलेंटिनो या घराण्याचे तेव्हाचे डिझायनर पिएरपाओलो पिचोली यांनी जवळजवळ सगळा शो एकाच झगझगीत राणी रंगात दाखवला, मधे थोडासा काळा. आपल्याकडे तो रंग पिढ्यान्पिढ्या पैठणीच्या काठापदरात आहे, पण पुढच्या वर्ष-दीड वर्षात तो कुर्त्यांपासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत कसा पसरला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रंगांचे नमुने ठरवणारी पॅन्टोन कंपनी दर डिसेंबरात येत्या वर्षाचा रंग जाहीर करते, २०२४ चा पीचसारखा, २०२५ चा मोका तपकिरी. ती यादी करमणूक म्हणून वाचा. तिच्यावर विसंबून साडी घेऊ नका. तो मोका तपकिरी रंग आपल्यातल्या किती जणींच्या चेहऱ्यावर मळकट दिसतो ते मी माझ्याच आरशात पाहिलंय.

आणखी एक सावधगिरी. एका घराण्यात दिसलं म्हणजे ट्रेंड नव्हे. दोन शहरांत, तीन वेगवेगळ्या डिझायनरांकडे एकच गोष्ट दिसली की वहीत खूण करा. नवा डिझायनर आला असेल तर आणखी जपून. २०२५ च्या हिवाळ्याआधी मोठी खांदेपालट झाली. शनेलमध्ये मात्यू ब्लाझी आणि दिऑरमध्ये जोनाथन अँडरसन यांनी बायकांचे आपले पहिले संग्रह त्याच ऑक्टोबरच्या आठवड्यात दाखवले. नवं सूनमुख बघायला आल्यासारखी गर्दी होते अशा वेळी, आणि कौतुकही तसंच, जरा जास्तच. नवा माणूस आधी घराण्याचे जुने कपाट उघडून बघत असतो. त्याचं स्वतःचं म्हणणं दुसऱ्या-तिसऱ्या शोमध्ये कळतं.

नोंद कशी लिहायची, थोडक्यात

"जबरदस्त संग्रह, एकदम फ्रेश" असं लिहिलंत की सहा महिन्यांनी ते वाचून काहीही आठवत नाही. त्याऐवजी: "पँट घोट्यावर दुमडलेली, वर आखूड जाकीट, बटण एकच, बहुतेक रंग ओल्या मातीचे. चालताना पँट आवाज करते, कापड कडक असणार." आवडलं की नाही ते शेवटी, एका ओळीत.

पायरी तिसरी: चाळणी लावा

वहीत उतरलेल्या गोष्टींपैकी निम्म्या इथे गळतात. माझ्या चाळणीला चार भोकं आहेत: घाम, पाऊस, लोकल, धुणं.

लोकलची चाचणी दुकानातच करता येते. ट्रायल रूममध्ये हात वर करून कडी धरल्यासारखं उभं राहा. पोट उघडं पडलं, मुंढ्यात आवळलं किंवा खांदा घसरला तर परत. मग रिक्षात चढल्यासारखा पाय उचला. मग पुलाचे जिने चढताना पायघोळ कपडा हाताने उचलावा लागतोय का बघा, कारण तुमच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री असणार आहे. दुकानातला मुलगा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पावसाचा धडा मी स्वतः भोगून शिकलेय. रुंद, जमिनीला टेकणाऱ्या पँटा सगळ्या रॅम्पवर होत्या तेव्हा मीही हौसेने एक घेतली, गडद काळी, पाय झाकले जातील इतकी लांब. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं हवामानखात्याचं गणित आहे. त्या वर्षी तो गणिताआधी आला. ठाणे स्टेशनात शिरेपर्यंत पँटने पाणी गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं होतं, ऐरोलीला उतरले तेव्हा रंग सुटून पावलं काळीनिळी, आणि मग नऊ तास एसीत. तेव्हापासून माझा नियम: रुंद पँट हवी तर घोट्याच्या दोन इंच वर, निदान सप्टेंबरपर्यंत. गंमत म्हणजे तशी आखूड लांबीही पुढे रॅम्पवर आली. आम्ही पावसामुळे आधीच करत होतो.

कापडाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण फोटोत कापड कळत नाही आणि फसगत तिथेच होते. लिनन चुरगळतं, पण घामात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चुरगळण्याची लाज सोडा, मिलानमध्ये ते मुद्दाम चुरगळलेलं घालतात. मलमल उत्तम, मात्र पावसात अंगाला चिकटून सगळं दाखवते. व्हिस्कोस, म्हणजे ज्याला दुकानदार रेयॉन म्हणतात, ते पडतं छान. फोटोतली ती वाहती घडी बहुधा त्याचीच असते, पण ओलं असताना ते कमजोर होतं. जोरात पिळलंत तर शिवणीपाशी फाटतं. डेनिम पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि मग त्याला जो वास येतो तो नवी मुंबईतल्या प्रत्येक बंद बाल्कनीतल्या माणसाला ठाऊक आहे. पॉलिस्टर लवकर वाळतं, घाम मात्र शोषत नाही. पावसात बाहेरच्या कपड्याला ते चालतं, मे महिन्यात आतल्याला नाही.

खण हा माझा आवडता. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा तो बारीक नक्षीचा कपडा आजीच्या चोळीपुरता उरला होता. आता त्याच्या साड्या, कुर्ते, जाकिटं सगळं मिळतं. एका शिवणाऱ्याने माझं खणाचं जाकीट अस्तर न लावता शिवून दिलं, तिसऱ्या धुण्यात शिवणीतून धागे निघून आले. खणाला अस्तर हवंच, सांगून ठेवते.

पायरी चौथी: बाजारात नुसतं फिरा

पहिल्या फेरीत पैसे घरी ठेवा. वाशीचं इनऑर्बिट किंवा सीवूड्सचं नेक्सस या मॉलमधल्या मोठ्या ब्रँडच्या काचेतले पुतळे बघा. तिथे दिसणारं हे तुमच्या वहीतल्या खुणांपैकी काय दुकानापर्यंत पोचलं त्याचं उत्तर आहे. आत जाऊन कापड बोटांत धरा, आतल्या चिठ्ठीवर काय काय धागा आहे ते वाचा, शिवण उलटून बघा. मग बाहेर पडा.

दुसरी फेरी ठाण्यात, गोखले रोड आणि राम मारुती रोडवर. इथे तोच आकार ठाणेकरांच्या भाषेत उतरलेला असतो. २०२५ मध्ये जमिनीवर लोळणारी फर्शी सलवार आणि तिच्यावर आखूड कुर्ता आला तेव्हा काकू लोक म्हणाल्या, हे काहीतरी नवाबी. नीट बघितलं तर रॅम्पवरच्या रुंद पँट आणि आखूड जाकिटाचंच ते प्रमाण: वर थोडं, खाली खूप. प्रमाण एकदा डोळ्यात बसलं की कुर्ता, साडीचा ब्लाउज, शर्ट, सगळीकडे तेच दिसायला लागतं. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आली की समजा काहीतरी हललंय.

स्वस्तात करून बघायचं असेल तर उल्हासनगर. जीन्स शिवण्याचा तिथे मोठा धंदा आहे. नवा आकार फार लवकर तिथे पोचतो, अंगाला कसा बसतो ते मात्र नशीब. आकार आपल्याला शोभतो का, एवढंच तपासायला तिथली जीन्स घ्यावी. शोभला तर मग चांगल्या कापडात शिवावा. कापडासाठी दादरचं हिंदमाता किंवा मुंबईचं मंगलदास मार्केट. हातमागाचं हवं असेल तर सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शन भरलं की जा. तिथे कधी कधी विणकरच समोर बसलेला असतो आणि पन्हा (रुंदी) किती, धुतल्यावर आटेल किती, रंग पक्का का, हे त्यालाच विचारता येतं. आणि भिवंडी विसरू नका. आपल्याच जिल्ह्यात यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि आपण कापड कुठून येतं असं विचारतो.

मॉलमधल्या सेलचंही गणित सहा महिन्यांचंच. जून-जुलैत उन्हाळी माल निघतो, डिसेंबर-जानेवारीत हिवाळी. जुलैत सुती-लिनन घेऊन ठेवा, पुढच्या मार्चला उपयोगी पडतं. जानेवारीत मखमल घ्या आणि डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात टाका.

पायरी पाचवी: शिंप्याकडे काय न्यायचं

इथे बहुतेक जण मोबाइलमधला एक फोटो नाचवतात आणि म्हणतात, "असं हवं." समोरून काढलेल्या फोटोतून शिंप्याला काहीच कळत नाही. बाजूचा आणि पाठीचा फोटो शोधा, तुमच्या वहीतली ओळ वाचून दाखवा आणि त्याच्या शब्दांत बोला.

शब्द थोडेच आहेत. पँटच्या पायाच्या तळाला मोहरी म्हणतात. दोन पायांच्या मधला भाग आसन. खांद्याला बाही जोडते तिथे मुंढा. कापड तिरकं धरून कापलं तर उरेब. रॅम्पवरचे जे झगे अंगावरून पाण्यासारखे ओघळतात ते बहुधा उरेब कापलेले असतात आणि त्याला कापड जास्त लागतं, हे आधीच माहीत असलं की बिल बघून दचकायला होत नाही. रुंद पँटला नेहमीच्या सव्वा मीटरऐवजी दीड मीटर आणा. नवीन सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तुमचा ट्रेंड आखूड होतो.

आकार अगदीच अनोळखी असेल तर आधी मांजरपाटात शिवून बघायला सांगा. मांजरपाट स्वस्त असतं. आमचे नौपाड्यातले शिंपीकाका सुरुवातीला यावर हसले, "दोनदा शिवू म्हणता?" मी दोन्हीची शिलाई देते म्हटल्यावर गप्प झाले. आता ते स्वतःहून सांगतात, "ताई, याचा मांजरपाट करू." मोठमोठी घराणी हेच करतात, त्यांच्याकडे त्याला भारी नाव आहे इतकंच.

आणि शिंपी "याने तुम्हाला जाड दिसेल" म्हणाला तर ऐकून घ्या, पण लगेच माघार घेऊ नका. तो जुन्या आकाराच्या सवयीतून बोलत असतो. नवा घेर सगळ्यांनाच पहिले दोन महिने चुकीचा दिसतो.

पुरुषांसाठी, वेगळं

आमच्या घरातले पुरुष म्हणतात, आम्हाला फॅशन नसते. ज्या शहरात १९२५ मध्ये रेमंडची लोकरीची गिरणी उभी राहिली त्या शहरातल्या माणसाने असं म्हणावं? दोन पिढ्यांचे सूट तिथल्या कापडाचे होते.

पुरुषांनी सुरुवात पँटपासूनच करावी, बाकी सगळं नंतर. दोन हजारच्या दशकात डिझायनर एडी स्लिमान यांनी दिऑर ओममध्ये, म्हणजे दिऑरच्या पुरुषी कपड्यांच्या शाखेत, काडीसारखी अरुंद पँट आणली आणि तिची सद्दी दीड दशक टिकली. आता मिलान-पॅरिसमध्ये पँट सैल आहे, कंबरेला प्लेटा (चुण्या) आहेत. एकदम टोकाला जाऊ नका. मोहरी सपाट ठेवून मोजली तर ७ इंच असेल तिथे साडेआठ करा, पुढे एक प्लेट द्या, कंबर बेंबीच्या जरा जवळ आणा. शर्ट तोच ठेवा. ऑफिसात कुणी काही बोलणार नाही, पण आरशात फरक दिसेल आणि मे महिन्यात पायांना वारा लागेल. एवढ्यासाठी तरी हा ट्रेंड आपला मानावा.

जाकीट शिवणार असाल तर इटालियन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांचं काम डोळ्यासमोर ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ते एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांनी केलं ते असं: कोटाच्या आतली कडक गादी, जाड अस्तर काढून टाकलं आणि कोट शर्टासारखा मऊ केला. हे आपल्या हवेसाठीच केल्यासारखं आहे. शिंप्याला सांगा, अर्धंच अस्तर, खांद्यात पॅड नको, कापड हलकं. लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही एकटेच घामाघूम नसाल.

आता चपलेचं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन घराण्याच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात चक्क कोल्हापुरी दिसली. शोमध्ये कोल्हापूरचं नाव नव्हतं, चामड्याची सँडल इतकंच. आपल्याकडे गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. नंतर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्याच महिन्यात पॅरिसला लुई व्हितॉनने पुरुषांचा शो भारतावर बेतला. सापशिडीचा मोठा पट जमिनीवर, आणि तो रचणारे होते स्टुडिओ मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन. आणि मार्च २०२३ मध्ये तर दिऑरने गेटवे ऑफ इंडियासमोरच रॅम्प टाकला होता. वर टांगलेलं भलंमोठं तोरण मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेने भरलेलं.

हे बघून मला अभिमान वाटतो की राग येतो, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. व्यवहारात मात्र एक गोष्ट झाली: सैल पँटखाली कोल्हापुरी आता ऑफिसातही खपते. फक्त पावसात घालू नका. ते चामडं पाणी पितं. जूनच्या पहिल्या सरीला तिला तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि गणपतीत काढा.

पायरी सहावी: प्रत्यक्ष बघा

मुंबईत लॅक्मे फॅशन वीक होतो, २०२१ पासून दिल्लीच्या फॅशन डिझाइन कौन्सिलबरोबर. मुख्य शो आमंत्रितांसाठी असतात. कुणी पास देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. त्यापेक्षा खारघरचं निफ्ट, म्हणजे फॅशन शिकवणारी सरकारी संस्था, जवळ आहे. शेवटच्या वर्षाची मुलं आपलं काम मांडतात त्या दिवसांत तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी ओळख काढा. विद्यार्थ्यांच्या कामात शिवण कधी कच्ची असते, कल्पना मात्र धीट, आणि विचारलं की उत्तर मिळतं. पॅरिसमध्ये तुम्हाला कोण उत्तर देणार?

पण मला विचाराल तर आपला सगळ्यात मोठा रॅम्प नरक चतुर्दशीच्या सकाळी राम मारुती रोडवर असतो. अभ्यंगस्नान, फराळ उरकून सगळं तरुण ठाणं नटूनथटून तिथे आणि तलावपाळीला लोटतं. गाणी, ढोल, सेल्फी, पुढे सरकायला जागा नाही. नवख्याने वही घेऊन एका कोपऱ्यावर उभं राहावं आणि अर्धा तास फक्त सात रकाने भरावेत. कुर्ता गुडघ्याच्या वर की खाली? पायजमा चुडीदार की सरळ? साडीवर ब्लाउज की शर्ट? मुलींच्या पायात मोजडी की पांढरे बूट? पहिल्या वर्षी मी हे केलं तेव्हा नेहरू जाकिटांनी वही भरली होती. आता जाकिटं विरळ आणि सैल शर्टासारखे कुर्ते जास्त. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दुसरी नोंद घ्या. तिथे नऊवारी असते, नथ असते, फेटे असतात, पण कुणाची नऊवारी नेसलेली आणि कुणाची शिवलेली हे ओळखायला शिकाल तर डोळा तयार झाला म्हणायचा. ओचा बघा, तिथे कळतं.

भाचीने मागच्या दिवाळीला हे करून पाहिलं. तिची अर्ध्या तासात चार पानं झाली आणि एका मुलाने तिला विचारलं, तुम्ही महापालिकेतून आलात का?

आणि वेळ पाळा

पॅरिसचा उन्हाळी आठवडा संपतो तो दसऱ्याच्या आसपास. तो बघून दिवाळीचं काही शिवायला निघालात तर उशीर झालेला असतो. दिवाळीचं मार्चमधल्या शोवरून ठरवा, एप्रिल-मेमध्ये कापड बघा, जूनमध्ये मांजरपाट करून घ्या, तेव्हा शिंपी मोकळे असतात. आमच्या काकांच्या दुकानात मशीनच्या वर पुठ्ठ्याची पाटी आहे, निळ्या शाईची, दरवर्षी तीच: गणपतीचे कपडे नारळी पौर्णिमेपर्यंत, दिवाळीचे दसऱ्यापर्यंत. नंतर आल्यास चहा मिळेल.